कुंडीच्या आधी पातेलं

घरी रांधून आणि घरी पिकवून खरंच पैसे वाचतात का? महागाई वाढली की हा वाद नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांभोवती फिरत राहतो. एका बाजूला कॅल्क्युलेटरवाले. कुंडी, माती, खत, रोपं, पाणी आणि वर आपल्या तासांचं मोल धरलं की घरचा टोमॅटो बाजारातल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, असं ते सिद्ध करतात आणि हात झटकतात. दुसऱ्या बाजूला हिरवाईचे भक्त. चार कुंड्यांचं छायाचित्र पुढे करून ‘आता भाजीचा खर्च शून्य’ म्हणणारे. पहिले आकडे बरोबर मांडतात, पण चुकीच्या गोष्टीचे. दुसरे आकड्यांच्या वाटेलाच जात नाहीत. माझं म्हणणं असं की बचत होते आणि चांगली होते, पण ती कुंडीत उगवत नाही. ती शेगडीपाशी आणि कचऱ्याच्या डब्यापाशी होते. बाग ही स्वयंपाकघराची मदतनीस. ती मालकीण झाली की बचत संपली आणि छंद सुरू झाला. छंदाला माझी ना नाही, फक्त त्याला काटकसर म्हणू नये.

कॅल्क्युलेटरवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकू, कारण तो त्यांनाही धड मांडता येत नाही. थोड्या जागेत भरपूर पोट भरणारं पीक म्हणजे बटाटा. घरगुती मशागतीत चौरस मीटरला तीन किलो निघाले तर हात चांगला बसलाय असं समजावं. किलोभर बटाट्यात साधारण ७७० कॅलरी. म्हणजे चार चौरस मीटरच्या गच्चीतून १२ किलो बटाटे, ९,२४० कॅलरी. दिवसाला २,००० कॅलरी लागणारा एक माणूस त्यावर किती दिवस काढेल? पाचसुद्धा नाही. वर्षभर काढायचं तर ३०० चौरस मीटरहून जास्त जमीन लागते, आणि तीही रोग न पडता, उंदीर-घुशी न लागता. शेतकरी यंत्राने नांगरतो, घाऊक बियाणं घेतो, एकरांनी पिकवतो. धान्य, डाळी, कांदा, बटाटा यांत त्याच्याशी बाल्कनीतून स्पर्धा करणं म्हणजे वाटीने विहीर उपसणं. हा मुद्दा इथेच संपला. स्वयंपूर्णतेचं स्वप्न चार कुंड्यांच्या आधाराने विकणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करावं.

याचं जुनं उदाहरण फार बोलकं आहे. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्कर्डजवळ एका तळ्याकाठी राहायला गेलेल्या हेन्री डेव्हिड थोरोने अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला. सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरल्या असत्या. त्याने हिशेब मांडला तो अर्ध्या सेंटपर्यंत: खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, विक्री २३ डॉलर ४४ सेंट, नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. या हिशेबात भल्या पहाटेपासून खुरपणीत घातलेले त्याचे स्वतःचे तास नाहीत, आणि जमीन मित्राची असल्यामुळे खंडही नाही. तासांचा हा मुद्दा टीकाकार नेमका उचलतात. पण खरी गंमत पुढेच आहे. तो घेवडा त्याने खाल्ला नाहीच, तो देऊन तांदूळ घेतला. म्हणजे काटकसरीचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग करणाऱ्याचं पोटही दुसऱ्याच्या शेतातल्या धान्यावरच भरत होतं. त्याने खर्च आटोक्यात ठेवला तो साधं आणि मोजकं खाऊन. तो बागेमुळे जगला हे आपण मागाहून रंगवलेलं चित्र.

दुसऱ्या महायुद्धातल्या परसबागांचा दाखला तर दोन्ही बाजू देतात, आणि दोन्ही अर्धवट देतात. ब्रिटनमध्ये १९३९ साली ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम सुरू झाली आणि भाड्याच्या सार्वजनिक भाजी-तुकड्यांची संख्या सुमारे ८ लाखांवरून १४ लाखांपर्यंत गेली. अमेरिकेत युद्धाच्या ऐन भरात अंदाजे दोन कोटी घरगुती बागा होत्या आणि ताज्या भाजीपाल्याचा सुमारे ४० टक्के वाटा त्यांतून येत असल्याचा अंदाज सांगितला जातो. भक्त इथे टाळ्या वाजवतात. पण ब्रिटनमधला तो तुकडा केवढा होता? प्रमाणित माप दहा रॉड, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. आपल्या कल्पनेतल्या गच्चीच्या साठपट. आणि तरीही त्यातून भाजीच अपेक्षित होती. पोटाचा भार गहू आणि बटाट्यावर होता, त्यासाठी सरकारने मोठमोठी कुरणं नांगरायला लावली. पाव मात्र युद्ध चालू असताना रेशनवर गेला नाही, तो गेला युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, आणि १९४८ पर्यंत राहिला. घरोघरी बागा असूनही धान्याची टंचाई धान्यानेच सुटते, हे त्या काळाने दाखवलं. पण त्याच मोहिमेचा दुसरा अर्धा भाग आज कोणी आठवत नाही: त्याच सरकारने तितक्याच जोराने स्वयंपाक शिकवला. साल न काढता बटाटा उकडा, भाजीचं पाणी फेकू नका, एकाच शेगडीवर एकावर एक भांडी रचा. कुदळ आणि पातेलं जोडीनेच पुढे आली होती. आज छायाचित्रात उरली ती एकटी कुदळ.

आता कॅल्क्युलेटरवाल्यांना उलटा प्रश्न. घरच्या अर्थकारणात सगळ्यात मोठी गळती कुठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळपास ६० टक्के घरांतून. माणशी हिशेब केला तर घरगुती नासाडी वर्षाला ७९ किलो. यात साली, हाडं, बाठी असा न खाण्याजोगा भागही मोजलाय, हे सांगायलाच हवं. तरी शेजारी आपल्या गच्चीतले १२ किलो बटाटे ठेवून पाहा. नुसती एक षष्ठांश नासाडी एका माणसाने थांबवली तरी गच्चीभर पिकापेक्षा जास्त माल हाती येतो, आणि त्याला ना माती लागते ना ऊन. ज्या वादात दोन्ही बाजू टोमॅटोच्या भावावर भांडतात, त्यात हा आकडा येतच नाही. आडातलं पाणी गळत असताना पोहरा कोणत्या धातूचा यावर ही चर्चा!

म्हणून आधी पातेलं. साधा स्वयंपाक म्हणजे बेचव स्वयंपाक नव्हे, आणि ‘सगळं घरीच’ म्हणजे तर मुळीच नव्हे. घरी साबण, घरी चीज, घरी नूडल्स ही प्रदर्शनं आहेत. साधा स्वयंपाक म्हणजे थोडे जिन्नस, एक-दोन भांडी आणि उष्णतेची समज. या समजेत किती पैसा दडलाय ते पाहा. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच उकळतं पाणी वाफ करून उडवायला २,२५७ किलोज्यूल, म्हणजे पावणेसात पट. आणि खळखळ उकळणारं पाणी मंद उकळणाऱ्या पाण्यापेक्षा जराही जास्त गरम नसतं. तेव्हा झाकण न ठेवता मोठ्या आचेवर डाळ खदखदवत ठेवणारा माणूस डाळ शिजवत नसतो, पैसे देऊन स्वयंपाकघराला वाफारा देत असतो. १७९० च्या दशकात म्युनिकमध्ये गरिबांसाठी स्वयंपाकगृहं चालवणाऱ्या काउंट रम्फर्डने हेच ओरडून सांगितलं होतं. सव्वादोनशे वर्षांनंतरही बहुतेक शेगड्यांवर झाकण बाजूलाच पडलेलं दिसतं. पाणी उकळलं की आच कमी, झाकण घट्ट, आणि फुगे तळातून एकेक करून येतील इतपतच ज्योत: एवढी एक सवय कोणत्याही कुंडीच्या आधी लावावी.

कोरडी कडधान्यं हे या समजेचं खरं परीक्षागृह. डब्यातली शिजवलेली कडधान्यं विकत घेणारे म्हणतात, घरी शिजायला तासन्‌तास जातात, गॅस जळतो, आणि दाणे तरीही कडक राहतात. खरं आहे, होतं असं. पण का होतं? चार कारणं. दाणा जुना असतो, विशेषतः उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने साठवलेला, असा दाणा कितीही शिजवा, मऊ पडत नाही. पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, घट्ट धरतं. टोमॅटो किंवा लिंबू सुरुवातीलाच घातलेलं असतं, आणि आंबटपणात ते पेक्टिन सुटत नाही. किंवा दाणे भिजवलेलेच नसतात. उपाय साधा आहे. दाण्यांच्या तिप्पट पाणी, लिटरला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चमचे, आणि ८ ते १२ तास. मिठाने दाणा कडक होतो हा समज नेमका उलटा. भिजवण्याच्या पाण्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. मग ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात शिजवायचं, आंबट शेवटी. चिमूटभर सोडा घातला तर दाणे लवकर शिजतात, पण ब-१ जीवनसत्त्व जातं आणि जरा जास्त पडला तर साबणाची चव येते. तेव्हा तो अगदी जड पाण्यापुरताच. प्रेशर कुकर पूर्ण दाबाला साधारण १२१ अंशांपर्यंत पोहोचतो, तिथे हा सगळा वेळ मिनिटांवर येतो.

कुकर नसेल तर पेटी. उकळतं पातेलं जाड आवरणात बंद करून ठेवायचं आणि आत साठलेल्या उष्णतेवर अन्न शिजू द्यायचं, ही युक्ती नॉर्वेतून १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पोहोचली आणि दोन्ही महायुद्धांत इंधन वाचवायला घरोघर वापरली गेली. थर्माकोलची पेटी किंवा खोका, खाली-वर-बाजूंनी किमान १० सेंटिमीटर जाडीचं घोंगडं, चिंध्या किंवा गवत. पातेलं दोन लिटरांहून लहान नको आणि तीन चतुर्थांश तरी भरलेलं हवं. उष्णता साठते ती पाण्यात, रिकाम्या पातेल्यात काहीच साठत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते: पाव लिटर डाळ मोठ्या पेटीत ठेवतात, तासाने उघडून बघतात, मग पुन्हा बघतात, आणि संध्याकाळी कच्ची डाळ बाहेर काढून पेटीला शिव्या देतात. चार तास हात लावायचा नाही. उघडल्यावर अन्न ६० अंशांच्या खाली गेलं असेल तर लगेच पुन्हा उकळायचं.

इथे सुरक्षिततेचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरगुती काटकसर नीट माहिती नसताना केली तर आजारी पाडते. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवायला पुरतात, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापवलं तर विषाचा जोर कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून राजमा पेटीत किंवा मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात थेट कधीच टाकायचा नाही. भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा. अर्धा तास उकळला तर अधिक बरं. मघाशी मी खळखळ उकळण्याला नावं ठेवली, हा त्याला अपवाद. भाताचंही तसंच. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याने सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये. आणि तेलात बुडवलेला लसूण किंवा आंबट नसलेल्या भाज्या घरच्या घरी बाटलीबंद करून कपाटात ठेवणं, हे तर सरळ बोट्युलिझमला, म्हणजे एका जिवाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेला, आमंत्रण. त्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? घरी शिजवू नका? की ज्या चार गोष्टी शाळेतच शिकवायला हव्या होत्या त्या शिकवा?

वेळेच्या मुद्द्याकडे येऊ. ‘माझ्या तासाचं मोल इतकं, मी दोन तास स्वयंपाकात घालवले, म्हणजे जेवण इतक्याला पडलं.’ ऐकायला शास्त्रशुद्ध. पण तो तास विकत घेणारा कोण आहे? ठराविक पगारावर काम करणाऱ्याचे रविवारचे दोन तास बाजारात उभे केले तरी गिऱ्हाईक मिळत नाही. ज्याला तासावर काम मिळतं, आणि हवं तेव्हा मिळतं, त्याच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. त्याने जरूर विकत आणून खावं. बाकीच्यांनी तास मोजण्याआधी ते कसले तास आहेत ते पाहावं. कडधान्य भिजवण्यात बारा तास जातात, त्यात माणसाची दोन मिनिटं. पेटीत चार तास, माणसाची पाच मिनिटं. अर्धा किलो कोरडे दाणे शिजून सव्वा किलोच्या आसपास होतात. एकदाच शिजवून त्याचे चार भाग केले तर एक आज, दोन फ्रिजमध्ये तीन दिवसांत संपवायचे, एक फ्रीजरमध्ये. पहिल्या दिवशी धान्यासोबत, दुसऱ्या दिवशी घोटून सूप, तिसऱ्या दिवशी ठेचून लसूण-लिंबाबरोबर. हाताने काम करण्याचा वेळ एका जेवणामागे दहा मिनिटांवर येतो. एवढ्या वेळात बाहेरचं जेवण मागवायचं की कुठलं, हेही ठरत नाही.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि त्यावर हिरवाईचे भक्त गप्प बसतात. काटकसर ज्या तोंडून निघते आणि ज्या हातांनी होते, ती बहुतेक घरांत दोन वेगळी माणसं असतात. ‘घरीच करू या’ या वाक्यातला ‘या’ फसवा असतो. करणारी एकटीच बाई असते. इतिहासकारांनी दाखवलंय की एकोणिसाव्या शतकात उघड्या चुलीची जागा लोखंडी शेगडीने घेतली तेव्हा लाकडं कमी लागू लागली, म्हणजे पुरुषाचं लाकूड फोडणं कमी झालं. पण एका हंड्यात शिजणाऱ्या जेवणाऐवजी आता एका वेळी अनेक पदार्थ करता येऊ लागले, आणि बाईचे तास होते तिथेच राहिले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच साधेपणावर माझा इतका जोर आहे. रोज पाच पदार्थांचा घरगुती घाट ही काटकसर नव्हे, ती दुसऱ्याच्या श्रमांवरची उधळपट्टी. एका पातेल्याचं जेवण कोणालाही अर्ध्या दिवसात शिकता येतं, तेव्हा ‘मला जमत नाही’ ही पळवाट बंद होते. ज्या घरात वाटणी होत नाही त्या घराने बचतीच्या आकड्यातून त्या बाईचे तास वजा करावेत. मग उरेल तो आकडा खरा.

आणि गरिबांना काटकसर शिकवायला निघालेल्यांसाठी पुन्हा रम्फर्डच. त्याची शेगडी बरोबर होती. त्याचं बार्ली आणि वाटाण्याचं स्वस्त सूप मात्र एका गैरसमजावर उभं होतं: पाण्यातच पोषण असतं असं त्याला वाटे, म्हणून जास्त पाणी, जास्त वेळ शिजवलेलं, म्हणजे जास्त पौष्टिक. दुसऱ्याचं ताट पातळ करण्याला सिद्धांताचा मुलामा देणं फार सोपं असतं. ज्याच्याकडे शेगडी, साठवणीची जागा, घाऊक घ्यायला एकरकमी पैसे आणि दमलेल्या संध्याकाळी अर्धा तास यांतलं काहीच नाही, त्याला भिजवण्याचं मिठाचं प्रमाण सांगणं हा उद्धटपणा आहे. कमी मजुरीवर काटकसर हा इलाज नाही. हा लेख ज्यांच्याकडे निवड आहे त्यांच्यासाठी आहे.

आता बाग. पातेलं ताब्यात आलं की कुंडीचं काम आपोआप ठरतं: जे थोडं लागतं, वजनाला महाग पडतं, आणि आणल्यावर दोन दिवसांत मान टाकतं, तेवढंच लावायचं. कोथिंबीर, पुदिना, पातीचा कांदा, पालकासारखा पाला. एका पदार्थाला दहा पानं लागतात आणि जुडी शंभर पानांची मिळते. उरलेली नव्वद फ्रिजच्या तळाशी काळी पडतात. कुंडीतून दहाच तोडता येतात, नव्वद जिवंत राहतात. बागेची बचत ही अशी आहे, पिकवलेल्या वजनात ती कधीच दिसत नाही आणि म्हणून कॅल्क्युलेटरवाल्यांना सापडत नाही. पाल्याला १५ ते २० सेंटिमीटर खोली आणि तीन-चार तासांचं ऊन पुरतं. टोमॅटोला २० लिटरची बादली, सहा ते आठ तास ऊन, आधाराची काठी आणि कडक उन्हाळ्यात रोज एक-दोन लिटर पाणी. नवख्याने सुरुवात टोमॅटोपासून का करावी हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा तो छायाचित्रात लाल दिसतो म्हणून.

खर्चाबाबत सावध राहायला हवं, कारण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बागेच्या दुकानात रोज खरी होते. जुनी बादली चालते, तळाला आठ-दहा मिलिमीटरची सहा-सात भोकं पाडली की झालं. फक्त तिच्यात पूर्वी रंग किंवा रसायन नसावं. तळाशी खडी घालू नये. निचरा सुधारतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते, पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच थबकतं, आणि मुळांचा ओला थर आणखी वर सरकतो. नुसती जमिनीतली मातीही नको, कुंडीत ती विटेसारखी बसते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नारळाचा भुसा किंवा कुजलेला पालापाचोळा. जुन्या रंगाच्या भिंतीजवळची किंवा रहदारीच्या रस्त्याकडेची माती घेऊ नये, त्यात शिसं असू शकतं. पुढच्या हंगामात हे मिश्रण फेकायचं नाही, एक चतुर्थांश नवं खत मिसळायचं. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं आत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच घालायचं. तहानेने जितकी रोपं मरतात त्याहून जास्त मायेने मरतात.

खत घरच्या ओल्या कचऱ्याचं. एक भाग साली-देठं, दोन ते तीन भाग कोरडी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा, हे माप घनफळाचं. ओलावा पिळलेल्या स्पंजाइतका. अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालंय, कोरडं घाला. सडक्या अंड्याचा आला तर हवा नाही, उलथून टाका. चिलटं झाली तर वर दोन बोटं कोरड्या पानांचा थर. लहान डब्यात हे सगळं व्हायला चार ते सहा महिने लागतात आणि शेवटी घनफळ निम्म्याहून खूप कमी उरतं, तेव्हा लवकर आणि भरपूर खताची आशा धरू नये. शिजवलेलं अन्न खताच्या डब्यात टाकून मनाचं समाधान करून घेणारेही पुष्कळ आहेत. ते अन्न विकत घेतलं, शिजवलं आणि मग मातीला दिलं. त्याला बचत कसं म्हणायचं?

बागेतल्या तोडग्यांबद्दलही बोलायलाच हवं, कारण भक्तांची बाजू इथे सगळ्यात जास्त लंगडी पडते. टोमॅटोचा तळ काळा पडून सडतो तेव्हा एप्सम सॉल्ट घालायला सांगितलं जातं. तो रोग फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याने होतो, बहुतेकदा पाणी कधी तुडुंब, कधी नाही अशा तऱ्हेमुळे. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम मुळांपाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं आणि आजार वाढवतं. उपाय म्हणजे नियमित पाणी आणि मातीवर पाचोळ्याचं आच्छादन. गाजराचा शेंडा पाण्यात ठेवला तर पानं येतात, गाजर येत नाही. पातीच्या कांद्याचं मूळ मात्र खरंच पुन्हा फुटतं, मातीत लावलं तर अनेकदा. बी राखायचं तर घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांचं राखावं, ही स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी झाडं. पण मूळ बियाणं संकरित असेल तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. भोपळा-दुधी वर्गातलं बी शेजारच्या फुलांशी संकर होऊन कडू फळ देऊ शकतं, आणि तो कडूपणा विषारी असतो. कडू लागलं की घास थुंकायचा, ‘वाया कशाला घालवा’ ही काटकसर तिथे चालत नाही.

तेव्हा परवडतं का, याचं उत्तर बाजारभावात शोधण्याआधी एक वही कचऱ्याच्या डब्याच्या वर टांगावी. चार आठवडे, जे टाकलं जाईल त्याचं नाव आणि वजन. साली वेगळ्या, खाण्याजोगं वेगळं. तोवर एकही कुंडी आणायची नाही. वहीत शिजवलेलं अन्न जास्त निघालं तर बाग त्यात काहीच करू शकत नाही. तिथे धान्य मोजायचं भांडं एक माप लहान करावं लागेल. कच्चा पाला जास्त निघाला, तर १५ सेंटिमीटर खोलीची एक पसरट कुंडी घ्यावी. कोथिंबिरीचे दाणे हलके रगडून दोन फाकी कराव्यात, सेंटिमीटरभर खोल पेरावे, आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या कुंडीत पुन्हा तेवढेच पेरावे. पहिली कुंडी कापून संपत येते तेव्हा दुसरी हाताशी आलेली असते. उगवायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्या पंधरा दिवसांत कुंडी कोरडी पडू द्यायची नाही, आणि वही चालूच ठेवायची.